मातीचा उतार टिकेल की घसरेल? स्थिरतेचं गणित पायरी-पायरीने

आधी चार ओळींचं एक गणित करू. २५ अंशांचा लांबलचक उतार आहे. त्यावर दोन मीटर जाडीचा मातीचा थर आणि खाली पक्का कातळ. माती घनमीटरला १९ किलोन्यूटन वजनाची, तिचा प्रभावी घर्षणकोन (पाण्याचा दाब वजा करून कणाकणांत उरणाऱ्या दाबावर लागणारा) ३० अंश, कोहिजन (दाब नसतानाही कण चिकटून राहिल्याने मिळणारं सामर्थ्य) ५ किलोपास्कल. हा थर कातळावरून घसरू पाहतो, तेव्हा त्याच्या तळाशी ओढ येते १९ × २ × साइन २५ × कोसाइन २५, म्हणजे १४.६ किलोपास्कल. तळावरचा लंब दाब १९ × २ × (कोसाइन २५ चा वर्ग), म्हणजे ३१.२. माती कोरडी असेल तर तिचा प्रतिकार ५ + ३१.२ × टॅन ३०, म्हणजे २३.०. प्रतिकाराला ओढीने भागा: सुरक्षा गुणांक १.५८. निर्धास्त राहावं असा आकडा.

आता तोच थर वरपर्यंत पाण्याने भरला आणि पाणी उताराला समांतर झिरपू लागलं. तळाशी छिद्रांतल्या पाण्याचा दाब झाला ९.८१ × २ × (कोसाइन २५ चा वर्ग), म्हणजे १६.१. कणाकणांमधला दाब उरला १५.१. प्रतिकार ५ + १५.१ × टॅन ३०, म्हणजे १३.७. गुणांक ०.९४, म्हणजे एकच्या खाली: ओढ प्रतिकारापेक्षा जास्त. उतार गेला. (सोयीसाठी मातीचं वजन दोन्ही वेळा तेच धरलं आहे, ओली माती थोडी जड असते, पण त्याने निकाल बदलत नाही.)

उतारांच्या गणितावर बोलताना माणसं सॉफ्टवेअरवरून वाद घालतात, गणिताच्या पद्धतींत बिशपची बरी की स्पेन्सरची बरी यावर घालतात. चांगल्या पद्धतींच्या उत्तरांत फरक पडतो तो थोड्या टक्क्यांचा. पाण्याच्या गृहीतकाने पडणारा फरक वर दिसलाच. म्हणून या लेखात पद्धती सगळ्या येतील, पण वेळ कुठे घालवायचा याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: संगणक सुरू करण्याआधी.

पहिली पायरी: कुठल्या क्षणाचा हिशेब?

उताराला एकच सुरक्षा गुणांक नसतो. तो काळाप्रमाणे बदलतो, आणि कोणत्या दिशेने बदलतो हे उतार कसा तयार झाला यावर ठरतं.

मऊ, संपृक्त चिकणमातीवर भराव टाकला की नव्या वजनाचा बराचसा भार सुरुवातीला छिद्रांतलं पाणी घेतं. ते बाहेर पडायला महिने, कधी वर्षं लागतात. तोवर माती अशक्त असते. म्हणजे भरावाला धोका बांधकाम संपतं तेव्हा सर्वांत जास्त. पुढे पाणी निघत जातं तशी स्थिती सुधारते. इथे निचरा नसलेल्या अवस्थेचं सामर्थ्य वापरायचं: घर्षणकोन शून्य आणि कोहिजनच्या जागी अनड्रेन्ड शिअर स्ट्रेंथ.

खोदून केलेल्या उताराचं नेमकं उलट. माती काढल्याने भार कमी होतो, छिद्रदाब घटतो, माती तात्पुरती बळकट वाटते. मग आजूबाजूचं पाणी हळूहळू आत शिरतं, चिकणमाती फुगते, आणि गुणांक वर्षानुवर्षं घसरत जातो. कापल्यानंतर दहा-वीस वर्षांनी एखादा उतार कोसळतो आणि लोक म्हणतात, 'इतकी वर्षं तर उभा होता.' तो तेवढी वर्षं खाली-खालीच येत होता. इथे दीर्घकाळाचा, प्रभावी ताणांवरचा हिशेब हवा.

तिसरा प्रसंग धरणाच्या जलाशयाकडच्या बाजूचा. पाणी झपाट्याने उतरलं की उताराला बाहेरून मिळणारा टेका जातो, पण भरावाच्या आतलं पाणी तेवढ्या वेगाने निघत नाही. त्याचा हिशेब वेगळा करावाच लागतो.

इथली नेहमीची चूक सांगून ठेवतो. अनड्रेन्ड सामर्थ्य वापरायचं आणि वर पाण्याचा दाबही वजा करायचा, असं काही जण करतात. त्या सामर्थ्यात पाण्याचा परिणाम आधीच आलेला असतो. दोन्ही एकत्र आणलं तर पाणी दोनदा मोजलं जातं. एकाच उतारात वाळूचा थर निचरा होणारा आणि चिकणमातीचा न होणारा असू शकतो, हे मात्र खरं. थराथराला वेगळा नियम लावायचा, एकाच थराला दोन नियम लावायचे नाहीत.

दुसरी पायरी: मातीचे आकडे

प्रयोगशाळेच्या अहवालात कोहिजन आणि घर्षणकोन असे दोन आकडे येतात आणि आपण ते जसेच्या तसे उचलतो. थांबा. ते कोणत्या दाबाखाली मोजले ते बघा. ट्रायएक्सियल चाचणी (नमुना सगळ्या बाजूंनी दाबून वरचा भार वाढवत नेण्याची) १००, २०० आणि ४०० किलोपास्कलवर केली असेल आणि तुमचं घसरपृष्ठ जमिनीखाली दोन-तीन मीटरवर असेल, तर तिथला प्रभावी दाब जेमतेम २० ते ५० किलोपास्कल आहे. मातीची सामर्थ्यरेषा कमी दाबाला वाकलेली असते. मोठ्या दाबांच्या बिंदूंतून सरळ रेषा काढून ती मागे ओढली की अक्षावर जे कोहिजन दिसतं ते बऱ्याचदा त्या रेषेनेच निर्माण केलेलं असतं, मातीत नसतं. उथळ घसरणीत कोहिजनचे पाच किलोपास्कल किती जड पडतात, ते वरच्या उदाहरणात पाहा: ते काढून टाका, आणि ओल्या उताराचा गुणांक ०.९४ वरून ०.६० वर येतो.

दुसरा प्रश्न: ही जमीन आधी कधी घसरली आहे का? चिकणमातीच्या घसरपृष्ठावर मोठी हालचाल झाली की चपटे कण त्या दिशेला आडवे होऊन गुळगुळीत पट्टा तयार होतो. तिथे उरतं ते अवशिष्ट सामर्थ्य. काही चिकणमातींत सुरुवातीचा घर्षणकोन २० अंशांच्या आसपास असतो आणि अवशिष्ट १०-१२ अंशांवर येतो, कोहिजन जवळजवळ शून्य. मृदा-अभियंते स्केम्प्टन यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात (या क्षेत्रातलं मानाचं वार्षिक व्याख्यान) हा मुद्दा ठळकपणे मांडला. जुन्या दरडीवर रस्ता काढायचा असेल तर तिथल्या पृष्ठाला अवशिष्ट आकडाच द्यायचा. शेजारच्या अस्पर्श मातीचा नमुना कितीही चांगला आला तरी तो इथे उपयोगाचा नाही.

बोअरिंगच्या नोंदी वाचताना पातळ थरांवर बोट ठेवा. दहा सेंटीमीटरचा मऊ पट्टा सरासरीत हरवतो. घसरण मात्र नेमकी त्यालाच शोधून काढते.

वरच्या टोकाला, म्हणजे माथ्याजवळ, चिकणमातीत ताण पडून उभी भेग जाते. अनड्रेन्ड अवस्थेत तिची खोली साधारण दोन गुणिले सामर्थ्य भागिले मातीचं वजन इतकी धरतात. सामर्थ्य २५ किलोपास्कल, वजन १८ किलोन्यूटन असेल तर ही खोली २.८ मीटर. एवढ्या लांबीवर प्रतिकार शून्य धरायचा. पाऊस पडला की ती भेग भरते आणि पाण्याचा आडवा धक्का बसतो, तोही हिशेबात घ्यायचा.

तिसरी पायरी: पाणी

पाणी सांगण्याचे तीन मार्ग आहेत. सर्वांत ढोबळ म्हणजे छिद्रदाब गुणोत्तर: त्या जागी असलेला छिद्रदाब भागिले वरच्या मातीचं वजन. एकच आकडा सगळ्या उताराला लावायचा. पहिल्या अंदाजाला ठीक. दुसरा मार्ग भूजलपातळीची रेषा काढण्याचा. तिसरा म्हणजे झिरपण्याचं वेगळं विश्लेषण करून प्रत्येक बिंदूचा दाब तिथून उचलणं. मोठ्या धरणाला, किंवा पावसाचं पाणी असंपृक्त मातीत मुरताना काय होतं ते पाहायचं असेल, तर तिसऱ्याला पर्याय नाही.

भूजलपातळीच्या रेषेत एक बारकावा आहे. पाणी उतरत्या दिशेने वाहत असतं तेव्हा समविभव रेषा (ज्यांवर पाण्याची एकूण ऊर्जापातळी सारखी असते) उभ्या नसून तिरक्या असतात, त्यामुळे एखाद्या बिंदूवरचा दाब रेषेपासूनच्या उभ्या अंतरापेक्षा कमी येतो. म्हणूनच वर १६.१ किलोपास्कल आले, ९.८१ × २ म्हणजे १९.६ नव्हे. काही सॉफ्टवेअरमध्ये ही दुरुस्ती आपोआप होते, काहींत पर्याय निवडावा लागतो.

माझा एक अनुभव सांगतो, कारण तेव्हापासून माझी एक सवय पक्की झाली. एका भरावाच्या हिशेबात सगळं नीट भरलं होतं, गुणांक १.४ च्या वर होता. शेवटी सहज भूजलपातळी एक मीटर वर नेली आणि गणित पुन्हा चालवलं. आकडा शेवटच्या दशांशापर्यंत तोच. पाण्याची रेषा चित्रात निळी, सुंदर दिसत होती. पण पायाच्या थराशी ती जोडलेलीच नव्हती. त्या थराच्या गुणधर्मांत 'पाणी नाही' असंच राहिलं होतं. रेषा जोडल्यावर गुणांक १.१५ आला. आता कुठलंही मॉडेल हाती आलं की मी आधी पाणी हलवून बघतो. आकडा हलला नाही, तर मॉडेलमध्ये पाणी नाही.

चौथी पायरी: एक वर्तुळ हाताने

सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, एक घसरवर्तुळ स्वतः स्प्रेडशीटवर सोडवा. त्यानंतर प्रोग्रॅमच्या खिडकीतला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो.

मूळ कल्पना १९१६ मध्ये स्वीडनमध्ये गॉथेनबर्गच्या धक्क्याची जमीन घसरली त्यातून आली. पेटरसन आणि हुल्टिन यांनी घसरलेल्या मातीचं पृष्ठ वर्तुळाच्या कमानीसारखं धरून हिशेब मांडला. फेलेनियस यांनी पुढे तो रूढ केला. घसरणाऱ्या मातीचे उभे काप, म्हणजे स्लाइस, करायचे. प्रत्येकाचं वजन काढायचं. वर्तुळाच्या केंद्राभोवती माती फिरवू पाहणारी ओढ एका बाजूला, तळावरचा प्रतिकार दुसऱ्या बाजूला.

उदाहरण घेऊ. उताराचा पायथा (०, ०) वर, माथा (१२, ६) वर. म्हणजे सहा मीटर उंची, दोनास एक उतार. माती एकसारखी: वजन १९, कोहिजन ८ किलोपास्कल, घर्षणकोन २५ अंश. वर्तुळाचं केंद्र (४, १३) आणि ते पायथ्यातून जातं, म्हणून त्रिज्या १६ + १६९ = १८५ चं वर्गमूळ, १३.६ मीटर. माथ्याच्या सपाटीला ते १५.६६ मीटरवर छेदतं. पहिल्या १२ मीटरचे दोन-दोन मीटरचे सहा स्लाइस, उरलेल्या भागाचे १.८३ मीटरचे दोन. जमिनीचा कोपरा, थराची सीमा, पाण्याच्या रेषेचा मोड जिथे असेल तिथे स्लाइसची कड आणायची, हा नियम.

| स्लाइस | रुंदी (मी) | मधली उंची (मी) | वजन (किलोन्यूटन) | तळाचा कोन (अंश) | वजन × साइन |
|---|---|---|---|---|---|
| १ | २.०० | ०.७७ | २९.१ | −१२.७ | −६.४ |
| २ | २.०० | २.०७ | ७८.५ | −४.२ | −५.८ |
| ३ | २.०० | ३.०७ | ११६.५ | ४.२ | ८.६ |
| ४ | २.०० | ३.७७ | १४३.१ | १२.७ | ३१.६ |
| ५ | २.०० | ४.१५ | १५७.७ | २१.६ | ५८.० |
| ६ | २.०० | ४.१६ | १५८.२ | ३१.० | ८१.४ |
| ७ | १.८३ | ३.२७ | ११३.८ | ४१.० | ७४.६ |
| ८ | १.८३ | १.३४ | ४६.५ | ५२.२ | ३६.७ |

शेवटच्या रकान्याची बेरीज २७८.७. ही एकूण ओढ. पहिल्या दोन स्लाइसची चिन्हं उणे आहेत, ते बघा: पायथ्याजवळची माती घसरणीला मागे रेटते. म्हणूनच पायथा खोदणं घातक आणि तिथे दगडांचं वजन टाकणं हा जुना, खात्रीचा उपाय.

स्प्रेडशीटमध्ये साइन, कोसाइन रेडियनमध्ये मागितले जातात. अंश तसेच दिले तर चिन्हं वेडीवाकडी येतील. आकडे चुकलेले लगेच दिसावेत म्हणून कोनाचा रकाना अंशांत वेगळा ठेवा.

फेलेनियसच्या पद्धतीत स्लाइस एकमेकांवर जो दाब देतात तो सोडून दिला जातो. तळावरचं लंब बल म्हणजे वजन × कोसाइन. त्यातून छिद्रदाब × तळाची लांबी वजा करायची, टॅन घर्षणकोनाने गुणायचं, कोहिजन × तळाची लांबी मिळवायची. कोरड्या अवस्थेत प्रतिकाराची बेरीज ४९८, गुणांक १.७९. छिद्रदाब गुणोत्तर ०.३ धरलं की प्रतिकार ३६४.८ आणि गुणांक १.३१.

बिशप यांनी १९५५ मध्ये सुचवलेल्या सोप्या रूपात स्लाइसमधले आडवे दाब मान्य केले जातात, उभं घर्षण सोडलं जातं आणि प्रत्येक स्लाइसचा उभा समतोल साधला जातो. प्रत्येक स्लाइससाठी:

वरचा भाग = कोहिजन × रुंदी + (वजन − छिद्रदाब × रुंदी) × टॅन घर्षणकोन
खालचा भाग = कोसाइन तळकोन + साइन तळकोन × टॅन घर्षणकोन ÷ गुणांक

वरचा भागिले खालचा, सगळ्यांची बेरीज, भागिले २७८.७. अडचण एवढीच की जो काढायचा तो गुणांक उजवीकडेही आहे. म्हणून अंदाज धरून फेऱ्या मारायच्या. ओल्या अवस्थेत फेलेनियसचा १.३१ पहिला अंदाज म्हणून टाका: पाचव्या स्लाइसचा वरचा भाग ६७.५, खालचा १.०६१, भागाकार ६३.६. आठही मिळून ३९७.९, गुणांक १.४३. तो परत आत टाका: १.४४. पुन्हा टाका: १.४४. तीन फेऱ्यांत काम संपलं. कोरड्या अवस्थेत हाच मार्ग १.९२ देतो. स्प्रेडशीटमध्ये वर्तुळाकार गणनेची सोय चालू करू नका. फेरीगणिक रकाने शेजारी-शेजारी मांडा, म्हणजे आकडा कसा स्थिरावतो ते डोळ्यांना दिसतं.

फेलेनियस बिशपपेक्षा इथे नऊ टक्के कमी सांगतो. खोल वर्तुळ आणि जास्त छिद्रदाब असेल तर ही तफावत खूप वाढते. तो सुरक्षित बाजूला चुकतो हे खरं, पण पडलेल्या उतारावरून उलट गणित करून मातीचं सामर्थ्य काढताना हीच चूक धोक्याच्या बाजूला जाते: सामर्थ्य खऱ्यापेक्षा जास्त येतं. आज फेलेनियसचा उपयोग पहिल्या अंदाजापुरता.

बिशपच्या खालच्या भागावर नजर ठेवा. पायथ्याशी पृष्ठ उलटं, तीव्रपणे वर येत असेल तर साइन मोठा उणे होतो आणि हा भाग शून्याकडे झुकतो. भागाकार अवाच्या सवा फुगतो. ०.२ च्या खाली गेला की ते वर्तुळ बाजूला काढा.

पाचवी पायरी: वर्तुळात न बसणारी घसरण

मऊ पट्ट्यावरून, खालच्या कातळाच्या पृष्ठावरून, भू-वस्त्राच्या (मातीत घातलेल्या कृत्रिम कापडाच्या) थरावरून जाणारी घसरण वर्तुळाकार नसते. बिशपचं सोपं रूप बलांच्या आडव्या समतोलाची पर्वा करत नाही, वर्तुळासाठी ते चालून जातं, इतरत्र नाही. जान्बूची सोपी पद्धत कोणत्याही आकाराला लागते, पण ती फक्त बलांचा समतोल पाहते, आघूर्णांचा (बलांच्या फिरवण्याच्या परिणामाचा) नाही, म्हणून तिच्या उत्तराला दुरुस्तीचा गुणक लावावा लागतो. मॉर्गेनस्टर्न-प्राइस (१९६५) आणि स्पेन्सर (१९६७) या पद्धती दोन्ही समतोल साधतात. स्पेन्सर सगळ्या स्लाइसमधल्या दाबांचा कल एकच धरतो. मॉर्गेनस्टर्न-प्राइस तो जागोजागी बदलू देतो. रोजच्या कामाला मी स्पेन्सर वापरतो आणि अंतिम निकाल मॉर्गेनस्टर्न-प्राइसने तपासतो. दोघांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर काहीतरी बिघडलं आहे असं समजून दाबरेषा बघतो. दाबांची एकत्रित रेषा स्लाइसच्या तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीच्या आसपास असायला हवी. ती जमिनीच्या बाहेर पडत असेल किंवा माथ्याकडे स्लाइसमध्ये ओढ दिसत असेल, तर तिथे भेग घालायची राहिली आहे.

सहावी पायरी: सर्वांत वाईट पृष्ठ शोधणं

वरचं १.४४ हे एका वर्तुळाचं उत्तर आहे, उताराचं नाही. उताराचा गुणांक म्हणजे सगळ्या शक्य पृष्ठांतला सर्वांत कमी आकडा. प्रोग्रॅम हजारो वर्तुळं तपासतो, तरी शोध कुठे घ्यायचा हे आपण सांगतो. केंद्रांची जाळी दिली असेल आणि किमान आकडा जाळीच्या कडेवर येत असेल तर खरं किमान बाहेर आहे, जाळी सरकवा. प्रवेश आणि निर्गमनाच्या पट्ट्या दिल्या असतील तर त्या पुरेशा लांब ठेवा.

एकाच उतारात दोन-तीन वेगळी किमानं असतात. उथळ, पृष्ठभागालगतचं एक; पायथ्यातून जाणारं दुसरं; मऊ पायातून खोल जाणारं तिसरं. कोहिजन नसलेल्या मातीत प्रोग्रॅम नेहमी पृष्ठभागावरचा पातळ पापुद्राच आणून दाखवतो. तो खोटा नाही, पण रस्ता बंद करणारी घसरण ती नव्हे. किमान खोलीची अट घालून दुसऱ्यांदा शोध घ्या, आणि अहवालात दोन्ही द्या. स्लाइस ३० ते ५० पुरेसे. पातळ थर असेल तर त्यातून जाणारं पृष्ठ हाताने आखून तपासा, शोधावर सोडू नका.

सातवी पायरी: फायनाइट एलिमेंट आणि सामर्थ्य घटवणं

इथे घसरपृष्ठ आधी सांगावं लागत नाही. सगळ्या मातीची जाळी करायची, वजन लावायचं, मग कोहिजन आणि टॅन घर्षणकोन दोन्ही एकाच गुणकाने भागत न्यायचे: १.१, १.२, १.३. ज्या गुणकाला गणित समतोल सापडत नाही म्हणून थांबतं आणि विस्थापन झपाट्याने वाढतं, तो सुरक्षा गुणांक. झिएंकिविच आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ही वाट दाखवली. ग्रिफिथ्स आणि लेन यांच्या १९९९ च्या कामानंतर ती रोजच्या वापरात आली. लक्षात ठेवा, कोनाला भागायचं नाही, टॅनला भागायचं.

गणित थांबलं म्हणजे उतार पडला, असं लगेच मानू नका. जाळी खराब असली, फेऱ्यांची मर्यादा कमी असली, तरी ते थांबतं. माथ्यावरच्या एका बिंदूचं विस्थापन आणि गुणक यांचा आलेख काढा. रेषा बराच काळ जवळपास आडवी राहून एका जागी ठळकपणे उसळायला हवी. ती उसळी जिथे आहे ते उत्तर. लवचीकतेचा गुणांक मातीला कितीही दिला तरी हे उत्तर जवळपास बदलत नाही. विस्थापनाचे मिलीमीटर मात्र पूर्ण बदलतात. म्हणून सामर्थ्य घटवताना दिसणारं विस्थापन कोणालाही प्रत्यक्षातलं म्हणून सांगू नका.

जाळीतल्या तुकड्यांसाठी (एलिमेंट) तीन नोडचे, म्हणजे फक्त तीन कोपऱ्यांवर हिशेबाचे बिंदू असलेले, साधे त्रिकोण नकोत. ते अडकून बसतात आणि गुणांक फुगवून सांगतात. सहा किंवा पंधरा नोडचे त्रिकोण, नाहीतर आठ नोडचे चौकोन घ्या. जाळी निम्म्या आकाराची करून पुन्हा चालवा. गुणांक दोन टक्क्यांपेक्षा जास्त खाली आला तर अजून बारीक करा. दहा सेंटीमीटरच्या मऊ पट्ट्यात निदान दोन-तीन एलिमेंट मावली पाहिजेत. ताणसामर्थ्य शून्य करा, आणि फुगण्याचा कोन (घसरताना माती किती फुगते ते सांगणारा) सुरुवातीला शून्य ठेवा.

सॉइल नेलिंग (उतारात सळया ठोकून मजबुती), पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब), उताराच्या आत वाढत जाणारं बिघाडक्षेत्र, टप्प्याटप्प्याने भराव: ही या पद्धतीची खरी ठिकाणं. एकसारख्या मातीच्या साध्या उताराला ती आणि बिशप जवळपास तेच सांगतात.

आठवी पायरी: उत्तर माहीत असलेलं गणित

नवं सॉफ्टवेअर, किंवा स्वतःचं स्प्रेडशीट, आधी यावर चालवा. दहा मीटर उंच, दोनास एक उतार, वजन २०, कोहिजन १०, घर्षणकोन २० अंश, पाणी नाही. गुणांक १.३८ च्या आसपास यायला हवा. आता कोहिजन ३ आणि कोन १९.६ अंश करा, पायथ्याखाली पाच मीटर तीच माती ठेवा: १.०० यायला हवा. हे दुसरं ऑस्ट्रेलियातल्या १९८० च्या दशकातल्या सॉफ्टवेअर-तुलनेतलं पहिलं उदाहरण आहे. दोन्ही जुळले तर पुढे जा. नाही जुळले तर आधी एककं बघा.

किती पुरे?

कायमच्या उताराला १.५ आणि तात्पुरत्याला १.३ हे आकडे सर्वत्र भेटतात. युरोपच्या नियमांत एकच गुणांक मागण्याऐवजी सामर्थ्यालाच आधी भागून घेतात: प्रभावी कोहिजन आणि टॅन घर्षणकोनाला १.२५ ने, अनड्रेन्ड सामर्थ्याला १.४ ने. भूकंपासाठी वजनाच्या ठरावीक हिश्शाइतकं आडवं बल लावतात. महत्त्वाच्या कामाला न्यूमार्क यांची १९६५ ची सरकत्या ठोकळ्याची रीत जास्त सांगून जाते, कारण ती किती सेंटीमीटर सरकेल ते काढते.

पण १.५ म्हणजे सुरक्षित आणि १.३ म्हणजे कमी सुरक्षित, हे खरंच असतं का? सामर्थ्य आणि पाण्याच्या आकड्यांत जेवढी अनिश्चितता आहे ती घालून गुणांक हजारो वेळा काढा, मोंटे कार्लो पद्धतीने. समजा एका उताराची सरासरी १.५, प्रमाण विचलन ०.३ आलं. सरासरी एकपासून १.६७ विचलनं दूर. सामान्य वितरण धरलं तर कोसळण्याची शक्यता सुमारे ४.८ टक्के. दुसऱ्याची सरासरी १.३, पण चाचण्या भरपूर, पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं) बसवलेले, विचलन ०.१. तीन विचलनं दूर, शक्यता ०.१३ टक्के. मला दुसरा उतार द्या.

अहवालात शेवटचा आकडा देताना त्यासोबत घसरपृष्ठाचं चित्र, पाण्याचं गृहीतक आणि तो आकडा मोडायला किती पाणी लागेल, हे तिन्ही द्यावं. आपल्या आठ स्लाइसच्या वर्तुळात छिद्रदाब गुणोत्तर ०.३ ला १.४४ आलं होतं. तेच ०.३९ केलं की गुणांक १.३ वर येतो. पाचव्या स्लाइसच्या तळाशी याचा अर्थ पाण्याची उंची २.४ मीटरवरून ३.१ मीटर. तिथे, जमिनीखाली ४.१५ मीटरवर पिझोमीटर बसवायचा, आणि वाचन घेणाऱ्याच्या वहीवर २.४ आणि ३.१ हे दोन आकडे आधीच लिहून ठेवायचे.